घड्याळ पुढे पळतंय? आधी चुंबक पाहा

चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांबद्दल येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: बरं चाललेलं घड्याळ एकाएकी पुढे पळायला लागलं. त्यांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, १७ ज्वेलचं. वर्षानुवर्षं दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे, एवढाच फरक असायचा. दोन महिन्यांपूर्वी ते अचानक रोज सात-आठ मिनिटं पुढे जायला लागलं. दुरुस्तीवाल्यांनी पाठ उघडून रेग्युलेटर ‘स्लो’कडे सरकवून दिला, तरी चार मिनिटं पुढेच. घड्याळ पडलेलं नाही, भिजलेलं नाही. बिघडलं तरी काय? (मिरज)

बहुधा काहीच बिघडलेलं नाही, चुंबक लागलंय. ‘न पडता, न भिजता, एकाएकी, आणि मिनिटांच्या हिशोबात पुढे’ ही चुंबकाची ठरलेली लक्षणं. घड्याळ मळलं किंवा आतलं तेल सुकलं, तर चाल हळूहळू बिघडते आणि घड्याळ सहसा मागे पडतं.

घड्याळाचा वेग ठरवते ती हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स चाकावरची (मागेपुढे झुलत ठोके मोजणारं चाक) केसापेक्षाही पातळ कमान. चालू घड्याळ भिंगाखाली धरलं, तर तिचे वेढे श्वास घेतल्यासारखे उघडतात-मिटतात, आणि प्रत्येक वेढ्यामधली फट सारखी दिसते. चुंबक लागलं की शेजारचे वेढे एकमेकांना ओढतात. दोन-तीन वेढे जुडी बांधल्यासारखे एकत्र हलू लागतात, फट एका बाजूला मिटते. चिकटलेला भाग कमान म्हणून कामच करत नाही, म्हणजे स्प्रिंग तेवढी आखूड झाली. आखूड स्प्रिंग जास्त ताठ, आणि ताठ स्प्रिंग बॅलन्सला लवकर परत फिरवते.

आकड्यात सांगायचं तर वेग हा लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कामाची लांबी फक्त १ टक्क्याने घटली, तर वेग अर्ध्या टक्क्याने वाढतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद; त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४३२ सेकंद, सात मिनिटं बारा सेकंद. तुमच्या तक्रारीतला आकडा साधारण हाच आहे. वेढे कमी-जास्त चिकटतात, म्हणून आज चार मिनिटं आणि उद्या नऊ, असंही होतं. कधी ओढ अशी पडते की घड्याळ मागे पडतं किंवा थांबतं, पण ते कमी वेळा.

चूक झाली ती रेग्युलेटर हलवण्यात. रेग्युलेटरसुद्धा स्प्रिंगची कामाची लांबीच बदलतो. चुंबकाने आखूड केलेली लांबी रेग्युलेटरने वाढवायची, म्हणजे तापाच्या रोग्याला बर्फात बसवायचं. उद्या चुंबक निघालं की हेच घड्याळ तीन-चार मिनिटं मागे पडेल. म्हणून आधी चुंबक काढायचं, मग चोवीस तास चाल पाहायची, आणि त्यानंतरच गरज पडली तर रेग्युलेटरला हात लावायचा. ज्या दुकानात हा क्रम उलटा चालतो, तिथे घड्याळ देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चुंबक लागलंय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं? मोबाइलमधलं होकायंत्र चालेल का? (ठाणे)

मोबाइल नको. त्यात चुंबकाचं मोजमाप घेणारा सेन्सर असतो हे खरं, पण तो कुठे बसवलाय हे बाहेरून दिसत नाही. तो शोधत घड्याळ फोनवर फिरवताना ते स्पीकरवरून जातं, आणि स्पीकरमध्ये चुंबकच असतं. रोगनिदान करताना रोग लागायचा.

शाळेच्या प्रयोगपेटीत मिळतं तसं सुईचं साधं होकायंत्र घ्या. लाकडी टेबलावर ठेवा. लोखंडी कपाट, स्टीलचा डबा, फोन सगळं हातभर लांब. सुई स्थिर झाली की घड्याळ पूर्वेकडून हळूहळू सुईच्या उत्तर टोकाशी आणा. सुई थोडी हलली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. घड्याळात पोलादी भाग असतातच, आणि साधं पोलादही सुईला स्वतःकडे ओढतं. आता घड्याळ त्याच जागी गोल फिरवा: बाराचा आकडा सुईकडे, मग तीनचा, सहाचा, नऊचा. चारही वेळा सुई घड्याळाकडेच ओढली गेली, तर ते नुसतं लोखंड. एका बाजूने ओढली आणि दुसऱ्या बाजूने ढकलली गेली, तर घड्याळ चुंबकित आहे. प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. इथे ते अक्षरशः उपयोगी पडतं.

दुसरी खूण आणखी बोलकी आहे. घड्याळ चालू ठेवून छोटं होकायंत्र थेट काचेवर ठेवा. बॅलन्सचा भाग चुंबकित असेल, तर सुई बारीक थरथरते.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. पट्टा अडकवायच्या स्प्रिंगच्या पिना पोलादाच्या असतात आणि त्या चटकन चुंबकित होतात. घड्याळाच्या वरच्या-खालच्या टोकांनाच सुई नाचत असेल, तर पट्टा आणि पिना काढून पुन्हा बघा. दोष पिनांचाच असू शकतो, आणि त्याने चालीत सहसा फरक पडत नाही.

उलट, होकायंत्राने काहीच दाखवलं नाही म्हणून घड्याळ निर्दोष सुटत नाही. हेअरस्प्रिंगचं वजन ते काय! तिच्यातलं चुंबक सुई हलवण्याइतकं नसूनही वेढे चिकटवायला पुरतं. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस (गॉस हे चुंबकाचा जोर मोजायचं माप), सुई त्याच्याशी बांधलेली. तिला ढळवायला तेवढ्या तोलाचं काहीतरी लागतं. (चुंबकाचं बारीक मोजमाप किती नाजूक असतं बघा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली.) लक्षणं जुळत असतील आणि सुई गप्प असेल, तरी चुंबक काढून टाकावं. त्याने नुकसान होत नाही.

चुंबक काढायची निळी पेटी ऑनलाइन मागवली. सोबत माहितीचा कागद नाही. बटण दाबून घड्याळ वर ठेवलं, सोडलं, तर आता घड्याळ आधीपेक्षा जास्त पुढे जातंय. पेटी खराब आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

पेटी ठीक आहे, बटण सोडायची वेळ चुकली. आतलं काम समजलं की पुन्हा चुकणार नाही.

पेटीत तारेचं वेटोळं आहे, त्यातून घरातला ५० हर्ट्झचा उलटसुलट प्रवाह जातो. त्यामुळे चुंबकाची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते. घड्याळातलं पोलाद प्रत्येक वेळी त्या दिशेने वळतं. आता घड्याळ हळूहळू लांब नेलं, तर प्रत्येक फेरी आधीपेक्षा थोडी दुबळी होते; पोलाद इकडे जरा कमी, तिकडे आणखी कमी, असं करत शून्याशी येऊन थांबतं. चुंबक निघतं ते या उतरत्या फेऱ्यांनी, नुसत्या बटणाने नाही. घड्याळ पेटीवर असतानाच बटण सोडलं, तर प्रवाह त्या क्षणी जिथे असेल तिथे तुटतो. नेमका शिखरावर तुटला, तर घड्याळ भरपूर चुंबकित होऊन बाहेर येतं. तुमचं तेच झालं.

पद्धत अशी. आधी हातातलं दुसरं घड्याळ, फोन आणि पट्टीवाली बँकेची कार्डं मीटरभर लांब ठेवा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हे काम स्वतः करू नये, जवळही थांबू नये. धातूचा पट्टा असेल तर कडी उघडा, म्हणजे घड्याळाची पाठ पेटीच्या तबकडीला सपाट टेकेल. टेकणं महत्त्वाचं, कारण ज्या जोराच्या क्षेत्राने चुंबक लागलं, त्यापेक्षा मोठ्या क्षेत्रातून सुरुवात केली तरच ते निघतं. चार बोटं वर धरून सुरुवात केली, तर काम अर्धवट राहतं.

तबकडीवर डायल वर करून घड्याळ ठेवा आणि बटण दाबा. घड्याळ आत गुणगुणल्यासारखं थरथरतं, बोटांना जाणवतं. एक सेकंद थांबा. बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलत न्या, तीन सेकंदांत अर्धा मीटर, न थांबता, न झटकता. तीन सेकंदांत प्रवाहाच्या दीडशे फेऱ्या होतात, तेवढ्या पुरतात. झटक्यात उचललं तर फेऱ्या कमी पडतात आणि थोडं चुंबक उरतं. हात पूर्ण लांब गेला, की मग बटण सोडा.

हेच आणखी दोनदा करा: एकदा घड्याळ कडेवर उभं धरून, चावी वर, एकदा बाराचा आकडा वर. स्प्रिंगचे वेढे एका पातळीत असले तरी बॅलन्सचा दांडा, पॅलेट (बॅलन्सला ठोक्याठोक्याला ढकलणारी चिमुकली तरफ), चावीची दांडी वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून तीन दिशा. घड्याळ चालू असलं तरी हरकत नाही. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. या पेट्या सलग चालवायला केलेल्याच नसतात, वेटोळं तापतं आणि जळतं. पेटी कोमट लागली तर दहा मिनिटं थांबा.

आणि एक: अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली पेटी ११० व्होल्टची असू शकते. आपल्या २३० व्होल्टला ती पहिल्याच बटणाला धूर काढेल. खालची चिठ्ठी वाचून मगच प्लग लावा.

मोठ्या दुकानांत बोगद्यासारखं यंत्र असतं. त्यात घड्याळ आत ठेवून बटण दाबलं की काम झालं, उचलत न्यावं लागत नाही. उतरत्या फेऱ्या ते यंत्र स्वतःच तयार करतं.

पेटी न घेता काही घरगुती उपाय? स्क्रू-ड्रायव्हरचं चुंबक काढायचा प्लॅस्टिकचा ठोकळा आहे माझ्याकडे. (सातारा)

तो ठोकळा घड्याळाला लावू नका. त्यात कायमचा चुंबक असतो. पान्याला ठीक आहे. घड्याळाचं मात्र चुंबक वाढायची शक्यता जास्त. घड्याळ तापवणं, आपटणं, उलट बाजूने चुंबक लावून ‘फिटंफाट’ करणं, हे तिन्ही बाद.

कॅसेटच्या काळातलं टेपच्या हेडचं चुंबक काढायचं यंत्र घरात पडून असेल, तर ते चालतं. तेही उलटसुलट प्रवाहावरच चालतं. फक्त टोक बारीक आणि जोर कमी, म्हणून चार-पाच वेळा करावं लागतं. टोकाला कापड गुंडाळा, काचेला ओरखडा नको. सोल्डरिंग गनच्या तारेजवळ घड्याळ धरायची युक्ती काही जण सांगतात. तत्त्व बरोबर आहे, पण ती तार काही सेकंदांत तापते आणि जुन्या घड्याळांची काच प्लॅस्टिकची असते. त्यापेक्षा घड्याळवाल्याकडे जा. उभ्या उभ्या होणारं काम आहे.

डायलवर ‘अँटिमॅग्नेटिक’ छापलेलं असूनही घड्याळाला चुंबक कसं लागतं? (नागपूर)

कारण त्या शब्दाचा अर्थ ‘चुंबक लागणार नाही’ असा नाही, ‘एवढ्यापर्यंत सोसेल’ असा आहे. आयएसओ ७६४ या मानकाप्रमाणे घड्याळ ४,८०० अँपिअर प्रति मीटर इतकं क्षेत्र सोसून दिवसाला ३० सेकंदांच्या आत चाललं पाहिजे. हवेत याचे सुमारे ६० गॉस होतात. चिमुकल्या निओडिमियम चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावर हजार गॉसच्या वर मोजमाप जातं. टॅबलेटच्या कव्हरमध्ये, पर्सच्या बटणात, इअरफोनच्या डबीच्या झाकणात हेच चुंबक असतात. मानक ठरलं तेव्हा ते घरोघरी नव्हते.

दिलासा इतकाच, की छोट्या चुंबकाचा जोर अंतराच्या घनाने उतरतो. अंतर दुप्पट, जोर एक अष्टमांश. म्हणूनच ४,८०० च्या घड्याळाला जपानी कंपन्या ‘चुंबकापासून ५ सेंटीमीटर लांब ठेवा’ एवढंच सांगतात.

त्यापलीकडे जायचे दोन मार्ग निघाले. एक म्हणजे मशीनभोवती मऊ लोखंडाची आतली डबी. क्षेत्र लोखंडातून वळसा घालून जातं, मशीन कोरडी राहते. रोलेक्सचं १९५६ चं ‘मिलगॉस’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण; नावातच हजार गॉस. मऊ लोखंड यासाठी, की क्षेत्र गेलं की ते चुंबकपणा धरून ठेवत नाही. अशा घड्याळाची अडचण दुरुस्तीत येते: ती डबी पेटीचं क्षेत्रही आत जाऊ देत नाही. चुंबक लागलंच, तर पाठ आणि आतलं झाकण उघडूनच ते काढावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे भागच बिनचुंबकी करायचे. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग किंवा टायटेनियमच्या मिश्रधातूची ‘निवाक्रॉन’ ही त्यातली. ओमेगाने २०१३ मध्ये १५,००० गॉस सोसणारी मशीन दाखवली, ती याच वाटेने. मात्र नुसती स्प्रिंग सिलिकॉनची आणि बाकी दांडे पोलादी असतील, तर त्रास कमी होतो, संपत नाही.

एचएमटीच्या अनेक डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं. त्याचा चुंबकाशी संबंध नाही; बॅलन्सच्या दांड्याला धक्क्यापासून वाचवणारी ती रचना आहे.

इंडक्शन शेगडी, फ्रिज, विमानतळावरची तपासणी, एमआरआय: घड्याळ नेमकं कशाला घाबरतं? (फोंडा, गोवा)

एमआरआय सोडला, तर यातल्या कशालाच फारसं नाही. एमआरआयचं क्षेत्र १.५ किंवा ३ टेस्ला, म्हणजे १५,००० ते ३०,००० गॉस; त्या खोलीत घड्याळ नेऊच देत नाहीत, आणि कारण फक्त घड्याळाचं नाही. इंडक्शनचं क्षेत्र भांड्याच्या तळाशी एकवटलेलं असतं, हातभर अंतरावर ते एका गॉसच्याही खाली येतं. चालू शेगडीवर घड्याळ ठेवू नये, इतकंच. विमानतळाच्या दारातली क्षेत्रं दुबळी. क्ष-किरणांचा चुंबकाशी संबंधच नाही.

खरे गुन्हेगार रोज रात्री शेजारी झोपतात. काढलेलं घड्याळ लॅपटॉपच्या स्पीकरवर, टॅबलेटच्या कव्हरवर किंवा फोनला चिकटणाऱ्या चार्जरशेजारी ठेवायची सवय मोडा. फ्रिजला बिचकू नका, पण दाराला लावलेल्या चुंबकी चिकट्यांवर घड्याळ टेकू नका. आणि ‘रक्तदाबासाठी’ म्हणून घातलेलं चुंबकी कडं घड्याळाच्याच हातात असेल, तर ते रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळाला चुंबकाचा डोस देतंय.

सेलच्या घड्याळालाही पेटी लावायची का? (इंदूर)

नाही. काट्यांच्या क्वार्ट्‌झ घड्याळात छोटी मोटर असते आणि तिच्या आतच कायमचा चुंबक असतो. बाहेरच्या चुंबकाजवळ ती थांबते, लांब नेलं की पुन्हा चालते. मधला वेळ तेवढा बुडतो, वेळ लावून घ्या. पेटीच्या क्षेत्राने मोटरचाच चुंबक दुबळा पडू शकतो.

आजोबांचं खिशातलं घड्याळ, निळ्या रंगाची हेअरस्प्रिंग. तीनदा पेटीवर धरलं, थोडाच फरक पडला. (कोल्हापूर)

निळी स्प्रिंग म्हणजे साधं कार्बनचं पोलाद, सुमारे ३०० अंशांवर तापवून निळं केलेलं. नंतरच्या मिश्रधातूंपेक्षा ते चुंबक घट्ट धरतं. शिवाय खिशातल्या घड्याळाचा आकार मोठा. छोट्या पेटीच्या तबकडीवर ते मावत नाही आणि बॅलन्स कडेला राहतो. पाठ उघडून बॅलन्स नेमका कुठे आहे ते पाहा, झाकण बंद करा, आणि तोच भाग तबकडीच्या मध्यावर येईल असं ठेवून सहा-सात फेऱ्या करा. घड्याळाची केस लोखंडाची असेल, तर ती क्षेत्र अडवते. मग मशीन बाहेर काढावी लागेल. ते काम स्वतः करू नका.

घड्याळदुरुस्ती शिकतोय. चिमट्याला स्क्रू चिकटतात. त्याने घड्याळाला चुंबक लागेल का? (नाशिक)

लागतं, आणि दुकानात लागतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्क्रू सुटत नाही म्हणून होणारी चिडचिड हा लहान त्रास. हेअरस्प्रिंगजवळ नेल्यावर बाहेरचा वेढा चिमट्याकडे उडी मारतो, तो मोठा. वाकलेला वेढा सरळ करायला दिवस जातो. चिमटा आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच पेटीवर, त्याच पद्धतीने उचलत नेऊन साफ करा. हेअरस्प्रिंगच्या कामाला पितळी किंवा टायटेनियमचा चिमटा वेगळा ठेवा. टेबलावर स्क्रू गोळा करायचा चुंबक ठेवत असाल, तर तो खणात टाका.

चुंबक काढल्यावर घड्याळ बरोबर झालं हे कसं समजायचं? आणि तरीही पुढे गेलं तर? (पुणे)

चावी पूर्ण द्या, सेकंदकाटा फोनच्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा, घड्याळ डायल वर करून सपाट ठेवा आणि बरोबर चोवीस तासांनी पुन्हा पाहा. एचएमटी जनतासारख्या तासाला १८,००० ठोक्यांच्या जुन्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर फरक समाधानकारक मानावा. फरक मिनिटांत आणि मागे असेल, तर मधल्या काळात कुणी रेग्युलेटर सरकवलाय का ते विचारा. तो मध्यावर आणून पुन्हा चोवीस तास मोजा.

अजूनही मिनिटांनी पुढे असेल, तर भिंगाखाली तीन गोष्टी पाहा. वेढ्यांवर तेलाची चकाकी आहे का? तेलानेही वेढे चुंबकासारखेच चिकटतात; पेट्रोलच्या बशीत बॅलन्स धुऊन वाळवला की सुटतात. एखादा वेढा रेग्युलेटरच्या पिनेवर चढलाय का? धक्क्याने असं होतं. आणि आवाज ऐका. टिक-टिकऐवजी घोड्याच्या टापांसारखा दुडका आवाज येत असेल, तर बॅलन्स गरजेपेक्षा जास्त फिरून पॅलेटच्या पाठीवर आदळतोय. हे बहुधा जास्त जोराची मेन स्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी) बसवल्यावर होतं, आणि योग्य मापाची मेन स्प्रिंग घालूनच थांबतं.